ज्याचं काम, त्याचं पेट्रोल

बोरखेडच्या बौद्ध वस्तीत जीप आली ती सत्तावन्न साली, दिवाळीच्या तोंडावर. पुलगावच्या लष्करी डेपोच्या लिलावात निघालेली, टप फाटलेली, रंगाचे पोपडे उडालेली. वस्तीतल्या तीस घरांनी मिळून ती घेतली होती. आदल्या पावसाळ्यात दोन माणसं दवाखाना गाठायच्या आत बैलगाडीतच दगावली होती. आणि गावात ज्यांच्याकडे मोटार होती त्यांच्या दारात हात जोडून उभं राहायचं नाही, हे नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीनं ठरवलं होतं.

जीप चालवणारा एकच होता, शेषराव तेलगोटे. बारा वर्षं फौजेत ड्रायव्हर होता. आता अंजनगाव सुर्जीच्या एका कापसाच्या जिनमध्ये फिटर म्हणून लागला होता. लायसन त्याचं, म्हणून गाडीचे कागद त्याच्या नावावर झाले आणि विम्याची पॉलिसीही त्याच्याच नावावर. दर साली तो अकोल्याला कंपनीच्या शाखेत जायचा. तिथला कारकून विचारायचा, "खाजगी वापर ना? धंदा तर नाही करत?" शेषराव म्हणायचा, "नाही साहेब, धंदा कायचा?" आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

वस्तीचे वडीलधारे बुधाजीबाबा. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला होता, ज्याचं काम, त्याचं पेट्रोल. वर एक रुपया नव्या टायरांसाठी ठेवलेल्या डब्यात. डबा शेषरावच्या बायकोकडे, मनकर्णाकडे असायचा. शेषराव स्वतः कधी चहासुद्धा घेत नसे. जिनमधून थकून आला तरी कोणाचं काही अडलं की सदरा अंगात घालून जीपकडे निघायचा. मनकर्णा कुरकुरायची, "दोन घास तं खाऊन जा." तो म्हणायचा, "आल्यावर."

बासष्टच्या चैत्रात बुधाजीबाबांची सून जाईबाई अडली. सुईणीनं हात टेकले. शेषरावनं तिला अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात पोचवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा झाला. मायलेकरू दोघंही सुखरूप. बुधाजीबाबांची बायको चतुराबाई आणि वस्तीतल्या दोघी बायांना घेऊन शेषराव भर दुपारी परत निघाला. चतुराबाईचा आनंद पोटात मावत नव्हता. वलगाव मागं पडलं तसा तिनं पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढला आणि मागून हात पुढं केला.

"शेषराव, नातू झाला मले. तोंड गोड कर."

शेषरावनं मान वळवली. गूळ घेण्यापुरती, बस. तेवढ्यात डाव्या पांदणीतून एक बैलगाडी सडकेवर आली. पुढं बघितलं तेव्हा बैलांची शिंगं दिसली. त्यानं चाक उजवीकडे मारलं आणि समोरून येणारा सायकलवाला जीपच्या तोंडी आला.

तो पुंजाराम होता. तिथल्याच शेतशिवारातला, चार एकर काळ्या जमिनीवर बायको गोदाबाई आणि दोन पोरी पोसणारा. शेषरावनं त्याला उचलून जीपमध्ये घातलं. बाया सडकेच्या कडेला रडत उभ्या राहिल्या. शेषराव उलटा अमरावतीला गेला. संध्याकाळी, गोदाबाई गावाहून पोचायच्या आत, पुंजाराम गेला.

फौजदारी खटल्यात शेषरावनं गुन्हा कबूल केला. दंड झाला, तो वस्तीनं काढलेल्या वर्गणीतून भरला. वस्तीत कोणी त्याला बोल लावला नाही. चतुराबाईनं मात्र त्या दिवसापासून तोंडात गूळ घातला नाही.

पुढच्या साली अमरावतीच्या कोर्टाची नोटीस आली. मोटारीच्या अपघातांचे दावे चालायचे तिथं गोदाबाईनं नुकसानभरपाईचा दावा लावला होता. शेषरावनं नोटीस वाचून घेतली आणि त्याला हलकंच वाटलं. पेटीतून पॉलिसी काढून तो मनकर्णाला म्हणाला, "याच्याचसाठी तं विमा असते. त्या बाईले कंपनी देईन. तिचं घर तं उभं राहीन."

तो अकोल्याला गेला. शाखेच्या साहेबानं नोटीस पाहिली, पॉलिसी पाहिली आणि म्हणाला, "काळजी करू नका. तुमच्यातर्फे कंपनी वकील देईल. दावा लढणं आमचं काम. या कागदावर सही करा, नेहमीचा कागद आहे."

कागद इंग्रजी होता. फौजेत शेषराव नावं, नंबर, पाट्या वाचायला शिकला होता. पण त्या कागदावरची वाक्यं लांबलचक होती. साहेबाच्या दारात आणखी चार माणसं उभी होती. त्यानं सही केली.

कंपनीनं दिलेले वकील म्हणजे अमरावतीचे वामनराव. साठीचे, केस पिकलेले, हळू बोलणारे. शेषराव त्यांच्या बैठकीत शिरला आणि सवयीनं दाराशीच उभा राहिला. वामनरावांनी चष्म्यावरून पाहिलं.

"उभे का? बसा ना."

"ठीक आहे साहेब."

"अहो, खुर्ची आहे ती. बसा तिच्यावर."

शेषराव बसला. आतून चहा आला. दोन कप, दोन्ही सारख्याच फुलांचे. वामनरावांनी एक त्याच्यापुढं सरकवला आणि दुसरा स्वतः उचलला. शेषरावनं बावीस शहरांत गाड्या हाकल्या होत्या. पण वकिलाच्या घरात, वकिलाच्या कपातून तो पहिल्यांदाच चहा पीत होता. त्याच्या मनातली गाठ तिथंच सुटली.

"सगळं सांगा," वामनराव म्हणाले. "काही राखून ठेवू नका. मला ठाऊक नसेल तर मी तुमच्यासाठी लढू कसा?"

शेषरावनं सांगितलं. गुळाचा खडासुद्धा सांगितला. वामनराव लिहून घेत होते. मधेच त्यांनी विचारलं, "गाडीचा खर्च कसा भागवता? फिटरच्या पगारात जीप पोसणं सोपं नाही."

हा प्रश्न शेषरावच्या आवडीचा होता. तो खुर्चीत सरळ झाला.

"साहेब, आमच्या वस्तीचा नियम आहे. ज्याचं काम, त्याचं पेट्रोल. अन् एक रुपया टायरच्या डब्यात. पाच सालं झाले, एकाही मानसानं चुकवला नाही."

"जाईबाईच्या वेळीही दिलं?"

"देल्लं ना. बुधाजीबाबांनी पेट्रोल टाकलं, रुपयाही टाकला. नियम त्याईचाच, तं ते कसे चुकवतीन?"

वामनरावांचा टाक क्षणभर थांबला. मग त्यांनी तेही लिहिलं, वाचून दाखवलं आणि शेषरावनं खाली सही केली. जाताना वामनराव दारापर्यंत आले होते.

चार महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. वस्तीत मॅट्रिक झालेली एकच मुलगी होती, बेबीताई. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. तिनं पत्र दोनदा मनात वाचलं, तेव्हाच शेषरावला कळलं की काही धड नाही.

"भाऊ, कंपनी म्हनते तुमी खाजगी गाडी भाड्यानं चालवत होते. पैसे घेऊन मानसं नेत होते. पॉलिसीत ते बसत नाही. म्हनून कंपनी एक पैसा देनार नाही अन् तुमचा दावाही लढनार नाही. वकील काढून घेतला."

"पन त्याईनं तं सही घेतली होती. लढतो म्हने."

त्यानं अकोल्याच्या कागदाची नक्कल आणून दिली. बेबीताईनं बोट ठेवून वाचलं. "याच्यात लिहलं आहे का आमी सध्या वकील देतो, पन देनं लागत नाही असं उद्या ठरवलं तं तुमी तक्रार करू शकत नाही."

शेषराव बराच वेळ त्या कागदावरच्या आपल्या सहीकडे बघत राहिला. सही चांगली, वळणदार होती. फौजेत शिकलेली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो अकोल्याला गेला. साहेबानं बसायला सांगितलं नाही.

"मी भाडं घेतो असं कोनं सांगतलं तुमाले?"

"तुम्हीच," साहेब म्हणाला आणि फायलीतून एक कागद काढून दाखवला. वामनरावांचं अक्षर होतं, खाली तीच वळणदार सही. "पेट्रोल घेता, वर रुपया घेता. त्याला भाडंच म्हणतात. आम्ही चार महिने वकील दिला हेच उपकार समजा."

तिथून एसटीनं तो अमरावतीला आला. वामनराव पडवीत झोपाळ्यावर बसले होते. शेषरावला पाहून उठले, आणि शेषरावच्या ध्यानात आलं की हा माणूस आपली वाटच बघत होता.

"साहेब, एकच विचारतो. तुमी कोनाचे वकील होते?"

वामनरावांनी हलता झोपाळा हातानं थांबवला. "तुमचा," ते म्हणाले. मग म्हणाले, "फी कंपनी देते. प्रत्येक दाव्यात अशिलाचा जबाब कंपनीला पाठवायचा, ही पद्धत. वीस वर्षं पाठवतोय. तुमचाही पाठवला. ते पेट्रोलचं लिहिताना मला कळलं होतं, शेषराव. टाक थांबला होता माझा."

"मंग कावून लिहलं?"

"तुम्ही इतक्या विश्वासानं सांगत होता. वगळलं असतं तर खोटा जबाब झाला असता. लिहिलं तर… मला वाटलं, वरचे लोक वाचतील, त्यांनाही दिसेल की हा काही धंदा नाही." ते खाली बसले. "मला वाटलं असं म्हणतो आहे. खरं तर मी विचारच केला नाही. पाकिटात घातलं आणि धाडून दिलं."

"आता?"

"आता मी तुमच्याकडून उभा राहू शकत नाही अन् त्यांच्याकडूनही राहणार नाही. त्यांनी नागपूरचा वकील केलाय. तुम्ही कोर्टाला एवढंच सांगा, पेट्रोल म्हणजे भाडं नव्हे. तेवढी एकच जागा शिल्लक आहे."

आतून कोणी तरी चहा आणला. शेषराव न पिता उठला.

त्या रविवारी विहारात वस्ती बसली. बुधाजीबाबा म्हणाले, "कोनी काई देल्लं नाही, असं सांगू आमी. सारेच सांगू. शेषरावच आपल्या खिशातून टाकत होता."

"बाबा, कागदावर मी सांगून बसलो आहे," शेषराव म्हणाला.

"कागद खोटा म्हन. वकिलानं आपल्या मनानं लिहला म्हन. तुह्यावर ओझं आमच्या सुनेपायी आलं. मी जाईन पिंजऱ्यात. माह्यं वय झालं, मले कोन काय करते?"

शेषराव नाही म्हणाला, आणि पुन्हा पुन्हा नाही म्हणाला. पण तारखेच्या दिवशी बुधाजीबाबा धुतलेलं धोतर नेसून एसटी स्टँडवर त्याच्याआधी हजर होते. वकील करायची ऐपत शेषरावची उरली नव्हती. वस्तीची वर्गणी पोलीस खटल्यातच संपली होती. तो स्वतःच उभा राहिला.

नागपूरचा वकील तरुण होता, आवाज न चढवता बोलायचा. बुधाजीबाबांनी शपथेवर सांगितलं की शेषरावनं कधी दमडी घेतली नाही.

"मग पेट्रोल कोण टाकत होतं?"

"तोच."

"त्याचा पगार ठाऊक आहे?"

बुधाजीबाबांनी शेषरावकडे पाहिलं.

"महिन्याला किती वेळा जीप अमरावतीला येते?"

"लागन तवा."

"म्हणजे सात-आठ वेळा? इतक्या पगारात सात-आठ वेळा? मग घरचे खात काय होते, बाबा?"

कोर्टात कोणी तरी हसलं. बुधाजीबाबांनी पिंजऱ्याची कड धरली. उभ्या जन्मात त्यांनी शपथेवर खोटं बोलण्याचं हे पहिलंच काम काढलं होतं आणि ते त्यांना जमत नव्हतं. शेषरावला ते बघवेना. तो जागेवरून उठला.

"साहेब, त्याईले सोडा. मी सांगतो."

न्यायाधीशांनी त्याला त्याच्या पाळीला बोलावलं. नागपूरच्या वकिलानं जबाब पुढं धरला. सही तुमची? माझी. यात लिहिलंय ते खरं? शेषरावनं कोर्टात बसलेल्या गोदाबाईकडे पाहिलं. कपाळ रिकामं, मांडीवर धाकटी पोर झोपलेली.

"खरं आहे. पन ते भाडं नोहे साहेब. गाडी साऱ्याईची, पेट्रोल साऱ्याईचं. मले त्यातला एक पैसा नाही."

"वरचा एक रुपया?"

"टायर झिजते ना साहेब."

"म्हणजे पेट्रोलपेक्षा जास्त घेत होता."

"टायरसाठी."

"माझे प्रश्न संपले."

निकाल पावसाळ्यानंतर लागला. न्यायाधीश भला माणूस असावा. त्यांनी निकालपत्रात लिहिलं की शेषरावच्या प्रामाणिकपणाबद्दल कोर्टाला शंका नाही. पण पॉलिसी खाजगी वापराची, मोबदला घेतल्याचं त्यानं स्वतः कबूल केलेलं, म्हणून कंपनी जबाबदार नाही. चूक ड्रायव्हरची. भरपाई शेषराव तेलगोटे यानं द्यावी.

आकडा ऐकून गोदाबाईनं आधी हात जोडले. मग तिच्या वकिलानं तिला बाजूला नेऊन समजावलं. शेषराव बाहेर कडुनिंबाखाली बसला होता. ती तरातरा त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. अपघातानंतर ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होती.

"कंपनी देनार होती. आमचे वकील म्हने, कंपनी पैशेवाली आहे, बुडनार नाही. अन् तुमी सांगून बसले!"

"खरं होतं ते, बाई."

"खरं!" ती म्हणाली. "माह्या मानसाले तुमी मारलं. त्याच्यावर मी काई बोलली नाही. पोटावर दगड ठेवला. मंग आता एक खोटं बोलता येत नव्हतं तुमाले? माह्या पोरीईसाठी? ते बुढे बाबा बोलले, तुमाले काय झालं होतं?"

तिचं काही चुकतंय असं शेषरावला वाटलं नाही. तिनं धाकट्या पोरीला खांद्यावर टाकलं आणि ती गेली.

दिवाळीनंतर बेलिफ आला. जीप जप्त झाली. तीस घरांनी घेतलेली आहे हे सांगायला वस्ती तहसिलीपर्यंत गेली, पण कागदावर नाव एकच होतं. परतवाड्याच्या एका लाकूड ठेकेदारानं ती लिलावात घेतली आणि मेळघाटाकडे नेली. आलेले पैसे गोदाबाईच्या वकिलाची फी आणि कोर्टखर्चातच बहुतेक गेले. उरलेलं शेषरावच्या पगारातून दर महिन्याला कापायचा हुकूम जिनवर आला. मनकर्णा निंदणाला जायला लागली. टायरचा डबा तिनं एक दिवस धुऊन पालथा घातला.

पुढच्या उन्हाळ्यात चतुराबाईला पटकी झाली. तिला बैलगाडीत घालून दर्यापूरच्या दवाखान्यात न्यायला निघाले. बैल चांगले होते, बुधाजीबाबा स्वतः हाकत होते. चंद्रभागा नदीच्या अलीकडेच ती गेली. शेषराव मातीला गेला तेव्हा बुधाजीबाबांनी त्याला जवळ बसवून घेतलं, पाठीवर हात ठेवला. शब्द एकही काढला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं शेषरावला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं.

लायसनची मुदत संपली तेव्हा त्यानं नवं केलं नाही. वामनरावांनी एकदा निरोप धाडला की वरच्या कोर्टात अपील करता येईल, मी बिनपैशांनी कागद लिहून देतो. शेषराव गेला नाही. अपिलाची मुदत मधेच निघून गेली. पुढं कळलं, वामनरावांनी त्या कंपनीचं काम सोडलं. शेषरावला त्यात समाधान वाटलं नाही आणि रागही आला नाही.

पगारातला भाग कोर्टात जमा व्हायचा, तो गोदाबाईला अमरावतीला जाऊन घ्यावा लागायचा. कधी कारकून म्हणायचा जमा झालं नाही, कधी साहेब नाहीत. अशाच एका खेपेला, पासष्ट साली, जिननं दोन महिने पैसे पाठवलेच नव्हते म्हणून शेषरावलाही कोर्टात बोलावलं होतं. काम झालं नाही. दुपारी दोघं एकाच एसटीत चढले. जागा एकाच बाकावर होती. गोदाबाई खिडकीशी बसली. मधे तिनं पिशवी ठेवली.

वलगाव जवळ आलं तसं तिनं विचारलं, "जीपमधे होते तवा ते काई बोलले?"

शेषराव दचकला. तीन वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. पोलिसांनी नाही, वामनरावांनी नाही, नागपूरच्या वकिलानंही नाही.

"बोलले," तो म्हणाला. "एकदाच. सायकल रामरावची आहे म्हने. मागून आनली. त्याची त्याले देजा."

गोदाबाई बाहेर बघत राहिली. सडकेच्या कडेला कपाशी उभी होती, पांदणी मागं जात होत्या.

"देल्ली मी," ती म्हणाली. "चाक वाकलं होतं. तशीच देल्ली."

"अजून काई?" तिनं थोड्या वेळानं विचारलं.

"नाही बाई. मंग बोलले नाही."

तिनं मान हलवली. तिचा फाटा आला. कंडक्टरनं घंटी दिली. ती पिशवी घेऊन उतरली, आणि ज्या पायवाटेनं तिचं गाव होतं तिच्यावरून, मागं न बघता, चालायला लागली. शेषराव खिडकीशी सरकला नाही. तिची जागा रिकामीच ठेवून तो अंजनगावपर्यंत कडेलाच बसून राहिला.